कुंदाचा उजवा पाय

कुंदा डाव्या पायाने शिलाई मशीन चालवत होती आणि ब्लाउजची शिवण पुन्हा वाकडी जात होती. उजवा पाय नऊ महिन्यांपासून लेकीच्या गाडीला वाहिलेला. नवीन लायसन्स मिळालं की वर्षभर गाडीचा दुसरा ब्रेक घरातल्या मोठ्या माणसाच्या पायात, असा कायदाच होता. घोट्याला पट्टा बांधला की ऋजुताच्या गाडीखालचा रस्ता कुंदाच्या तळव्यात गुणगुणायचा. वेग वाढला की ती फरशीवर पाय दाबायची आणि तिकडे कोरेगाव रस्त्यावर गाडी हळू व्हायची. ती जागी असेपर्यंत गाडीत ऋजुताच्या समोर एक दिवा लागलेला असायचा.

त्या दुपारी तिची मान मशीनवरच कलंडली.

जाग आली तेव्हा तळवा गप्प होता. तिने लेकीला फोन लावला.

"गाडी कुठे आहे गं?"

"कडेला, चिंचेखाली. तुझा दिवा विझलेला दिसला. झोप लागली होती ना?"

"मी झोपले तरी गाडी चालते की!"

"चालते. कोणी बघत नाही म्हटल्यावर मी काटा शंभरावर नेला. मग माझी मलाच भीती वाटली. थांबले."

"अगं, मग उठवायचंस ना!"

"या ब्लाउजांपायी चार दिवस जागी आहेस तू."

घड्याळात पाऊण तास उलटला होता. रागवायचंही त्राण कुंदात उरलं नव्हतं.

"ये आता," ती म्हणाली. "दिवा विझला तरी थांबू नकोस."

तळवा हळूहळू गुणगुणू लागला. कुंदाने अर्धवट ब्लाउजवर डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.