कडेची माती

"बायोप्सीचे सहाच्या सहा तुकडे स्वच्छ," डॉ. सबनीस म्हणाले. "कॅन्सर सापडला नाही."

अरविंदरावांनी लगेच पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडली. सकाळी फोनवर बातमी कळल्यापासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. डॉक्टरांनी एक पेढा उचलला. अरविंदराव रिपोर्ट पिशवीत घालून उठले. अरुणाबाई बसूनच राहिल्या.

"मग रक्तातला तो पीएसए का वाढतोय?" त्यांनी विचारलं. "मार्चमध्ये नऊ होता. आता चौदा."

"वयानं प्रोस्टेटची ग्रंथी वाढते, वहिनी. त्यानंही पीएसए वाढतो."

"सहा महिन्यांत एवढा?"

"अगं, डॉक्टर सांगतायत ना!" अरविंदराव वैतागले. "मला कॅन्सर झालेलाच हवाय का तुला?"

अरुणाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "हे सहा तुकडे कुठून कुठून काढले, ते दाखवता का?"

डॉक्टरांनी पेढा पॅडशेजारी ठेवला. पॅडवर अक्रोडासारखा आकार काढला, मधोमध रेघ मारली आणि रेघेच्या दोन्ही अंगांना तीन-तीन ठिपके दिले. "सगळीकडे हीच पद्धत आहे."

ठिपके रेघेला धरून, एकाखाली एक, शिस्तीत उभे होते. त्यांच्या बाहेरची कड दोन्हीकडे कोरी होती.

अरुणाबाईंनी पॅड नवऱ्यापुढे फिरवलं. या माणसाची सगळी नोकरी खाडीच्या भरावावर इमारतींसाठी माती तपासण्यात गेली होती. कंत्राटदार प्लॉटच्या मध्यावर, टणक जागा बघून बोअर घ्यायचे आणि हे घरी येऊन भरल्या ताटावर चिडायचे, की चिखल कडेला असतो, तिथं कोण बघणार?

"ह्याच्यावर सही केली असतीत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

अरविंदराव पॅडकडे बघत राहिले. "माणसाचं शरीर म्हणजे प्लॉट नाही," ते म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

"नाहीच. प्लॉट दुसरा मिळतो."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "काही जण तुलना करून बघतायत. एकाच पेशंटचे आधी हे सहा, मग कडेचे आणखी चार. कधीकधी कॅन्सर फक्त त्या चारांतच सापडतो, असं म्हणतात. पण वाद अजून मिटलेला नाही. आणि सुया वाढल्या की रक्तस्राव आला, ताप आला. मागच्या वेळी केवढ्यानं ओरडला होतात, अरविंदराव!"

"परत ओरडेन."

अरविंदराव खाली बसले. खिशातलं पेन काढून त्यांनी कोऱ्या कडांवर फुल्या मारल्या, दोन इकडे, दोन तिकडे. "इथून घ्या. ते सहाही परत घ्या. आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत. एकत्र कालवायचे नाहीत, कुठला कुठून आला ते कळलं पाहिजे."

"आणि निघालं काही तर?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"असेल तर निघू दे. मी बघितलं नाही म्हणून ते जाणार आहे का?"

अरुणाबाईंनी पॅडशेजारचा पेढा उचलून पुड्यात परत ठेवला आणि दोरीला घट्ट गाठ मारली.