पुतळाआजीचा मसाला

मांजर्लीच्या चंदरने ऑनलाइन आगरी मसाला विकायला काढला, तेव्हा त्याला कुत्रं विचारत नव्हतं. मग त्याने पेजवर आईचा, पुतळाबाईंचा हसरा फोटो लावला आणि ऑर्डरींना खंड राहिला नाही. लोक मसाला नाही, आजी विकत घेत होते.

पुढे पुतळाबाई वारल्या. तेराव्याला सून तेजस्वी भिंतीवरच्या फोटोला हार घालायला गेली, तर चंदरने तिचा हात धरला.

"येडी झालीस? याच भिंतीसमोर व्हिडिओ काढतो ना आपन? हार घातलेल्या आजीचा मसाला कोन घेनार?"

"अहो, जन्मभर राबल्या. आता तरी सोडा त्यांना."

"दिवाळीपर्यंत थांब."

हार फ्रिजमध्ये गेला, भाजीच्या कप्प्यात.

त्या गडबडीत उल्हासनगर कॅम्प एकची एक ऑर्डर पाठवायचीच राहिली. आठवड्याने तेजस्वीच्या लक्षात आलं. माफी मागायला तिने पेज उघडलं, तर गिऱ्हाइकाने पाच तारे देऊन खाली लिहिलं होतं :


"आजी स्वतः चार जिने चढून पुडा देऊन गेल्या. बसा म्हटलं, तर म्हणाल्या, मुलगा हार घालेपर्यंत सुट्टी नाही."