दहावा माणूस

सलग दोन साल पाऊस हुलकावणी देत होता, म्हणून साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या राहेलबाईंनी एलियाहू नबीला गोड पोह्यांच्या मलिद्याचा नवस बोलला. पण यहुद्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि नगरपासून परळीपर्यंत धुंडाळून जमले नऊच. टँकरचं मोलाचं पाणी घालून पोहे तर भिजवलेले. दहावा घरातच खाटेवर आडवा होता: धाकटा भाऊ दानीएल, सोसायटीचा सेक्रेटरी.

"अक्का, मी देव मानत न्हाई."

"सोसायटीच्या मीटिंगला कोरम भरायला जातोस, तवा चेअरमनला मानतोस का?"

"त्या लबाडाला? न्हाई."

"मग कावून जातोस?"

"आपली मानसं खोळंबतात."

"मग ही काय परकी हायेत? ऊठ, डोक्यावर टोपी ठेव."

दानीएल कुरकुरत येऊन बसला. प्रार्थना झाली, मलिदा वाटला, आणि ताटं उचलायच्या आत पत्र्यावर सर कोसळली.

"नऊ भक्त दोन सालांपासून मागत होते, अक्का. मी बसलो आन् आला," दानीएल मिशीवर ताव देत म्हणाला.

"येणारच," राहेलबाई म्हणाल्या. "तुला प्रार्थनेला बसलेला बघून हसून हसून देवाच्या डोळ्यांत पाणी आलं."