पडद्यावरची नस

घरची बाग वाळली म्हणून वरूडला संत्र्यांच्या पॅकिंग मशीनवर कामाला लागलेल्या हलीमाबींचा पंजा चिरडला होता. ऑपरेशनआधी हात बधिर करायला मी माझ्या हाताखालच्या नवशिक्या भूलतज्ज्ञाला, अंकुरला, बसवलं. आमच्या काळी मुंग्या कुठे येतात ते रुग्णाला विचारत सुई घालावी लागे. आता सोनोग्राफीत नस लख्ख दिसते. दोघंही पडद्याकडेच पाहत होतो. औषध गेलं. “हात जड झाला का?” मी विचारलं. “लाकूड झाला, डॉक्टरीणबाई,” म्हणत हलीमाबींनी चादरीखालून पट्टीतला दुसरा हात काढला. “आता ह्याले द्या, लई ठणकते.” अंकुर त्यांच्यावरच खेकसला, “चुकीचा हात होता तर आधी बोलायचं नाही?” “तोंड बंद ठेव,” मी म्हणाले. संतापाने माझा आवाज फाटला. “तू विचारलंस? मी विचारलं?” “त्याले नका रागावू,” हलीमाबी म्हणाल्या. “मले वाटलं, पोरगा आधी चांगल्या हातावर शिकून राहिला.”