फ्रिजवरचा कागद

मुलांना आधी नीट समज दिलेली असेल, तर त्यांनी घरच्या इंटरनेटवरून चोरून उतरवलेल्या सिनेमाला आईबाप जबाबदार नाहीत, असा निकाल आमच्या जर्मनीतल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेव्हापासून मी वकील म्हणून प्रत्येक अशिलाला सांगत आलोय, समज लेखी द्या, मुलांकडून ती मोठ्याने वाचून घ्या आणि खाली त्यांची सही घ्या. आमच्या घरी तर तो कागद फ्रिजवरच लावलाय. त्यावर माझ्या बारा वर्षांच्या लेकीची, वीब्केची सही आहे, सासूबाईंचीही आहे. माझ्या धोरणीपणावर मी फार खूश होतो.

काल सिनेमा कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. आमच्या घरून कुणीतरी त्यांचा सिनेमा फुकट उतरवला होता. संध्याकाळी ब्रेड आणि चीज खाता खाता मी दोघींची उलटतपासणी सुरू केली.

"जावईबापू, मला अजून टीव्हीचा रिमोट धड जमत नाही," सासूबाई लोणच्यातली काकडी चावत म्हणाल्या.

वीब्केने नोटीस ओढून घेतली. "रविवार, तीन मे. तेव्हा मी आणि आजी बागेत बटाटे लावत होतो. तुझी कंबर धरली होती, म्हणून तू घरी होतास. आणि हा जुना काउबॉयचा सिनेमा आमच्यापैकी कोण बघणार?"

मी मान खाली घालून ब्रेडला लोणी लावत राहिलो.

वीब्केने फ्रिजवरचा कागद काढला, आजीच्या सहीखाली एक रेघ ओढली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"आधी मोठ्याने वाच, बाबा."