ताईंची साक्ष

चष्मेवालीने दार ढकललं आणि ताईंची मागे फिरायची सोय संपली. पाठीशी सात-आठ विद्यार्थी, त्यांच्या मागे गिटार सांभाळत पाळकसाहेब, आणि वृद्धाश्रमाचा बोळ हा एवढा अरुंद.

"खिडकीपाशी बसल्यात ना, त्याच आजी," चष्मेवाली कुजबुजली. कॉलेज सांभाळून ती इथे म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं काम करी. "आपली भाषा बोलतात हो. पण बोलणार कुणाशी? कुणी फिरकतच नाही. म्हटलं, ताईंना घेऊन येऊ."

खिडकीपाशी ताईंची आई बसली होती.

पाळकसाहेबांच्या लेखी ती कधीच देवाघरी गेलेली. 'आई गेली, पण तिची भाषा मला देऊन गेली. तिच्या मुलुखातून इतक्या दूर शिकायला आलेल्या लेकरांना प्रभूचं प्रेम त्यांच्याच भाषेत कळावं म्हणून!' ताईंची ही साक्ष ऐकून सगळं प्रार्थनाघर रडायचं. आश्रमात ठेवलेल्या आईमुळे ती साक्ष फिकी पडत होती, म्हणून ताईंनी एका वाक्यात आईला मारून टाकलं. बाकी सगळं खरं होतं. तापाने फणफणलेल्या पोरांच्या उशाशी त्या खरोखर बसल्या होत्या, घरच्या आठवणीने रडणाऱ्यांना त्यांनी जवळ घेतलं होतं. त्याआधी दुकानाच्या गल्ल्यावर वर्षं काढली, तेव्हा त्यांना कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. आता 'ताई' म्हणणारी ही एवढी पोरं होती, आणि ती हातची जाऊ द्यायची नव्हती.

आईने मान वळवली. तिचा चेहरा एकदम खुलला, काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं.

"नमस्कार आजी," ताई घाईघाईने म्हणाल्या. "आम्ही प्रार्थनाघरातून आलोय. तुम्हाला गाणी ऐकवायला."

आईने लेकीकडे पाहिलं, मग एकेका पोराकडे. पाय गेले होते तिचे, डोकं शाबूत होतं. तिने मांडीवरची शाल सारखी केली.

"बसा ना," ती म्हणाली. "उभ्या का तुम्ही?"

पोटच्या पोरीला अहोजाहो! ताईंच्या काळजात चर्र झालं आणि, सांगायलाही लाज वाटते, त्याच क्षणी त्यांचा जीव भांड्यात पडला.

गाणी झाली. पाळकसाहेबांना भाषेचा गंध नव्हता, तरी ते डोळे मिटून डोलत होते. पोरं म्हातारीच्या पायाशी फरशीवरच बसली.

"छान बोलता हो," आई ताईंना म्हणाली. "इथेच वाढलेल्या दिसता, तरी एवढी चांगली भाषा! कुणी शिकवली?"

"आईने."

"सोपं नसेल गेलं बिचारीला. शाळेतून आल्यावर तुम्ही इथल्या भाषेत उत्तरं देत असाल, आणि ती ऐकूच न आल्यासारखं करत असेल."

पोरं हसली. ताईंनाही हसावं लागलं.

"मग असते कुठे ती आता?"

आई त्यांच्याकडे एकटक बघत होती. अजूनही वेळ गेलेली नव्हती. 'आई गं' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"सांगा ना ताई," चष्मेवाली म्हणाली. तिला साक्ष तोंडपाठ होती. डोळे तर आत्ताच भरून आले होते.

ताईंनी फरशीवरच्या पोरांकडे पाहिलं.

"ती नाहीये आता," त्या म्हणाल्या. "जाऊन बरीच वर्षं झाली."

आईने मान डोलावली. हात लांब करून ताईंच्या पाठीवरून फिरवला, परक्या बाईचं सांत्वन करावं तसा.

"सुटली बिचारी," ती म्हणाली.