सरळ रेघ

ताईंनी आलेखावर आठवा ठिपका दिला, आधीच्या सात ठिपक्यांना जोडला आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीसारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

ताई म्हणजे या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक. आईपेक्षा पुष्कळ लहान, म्हणून तिला काकू म्हणायच्या. दर गुरुवारी त्या आईला एक कागद भरायला द्यायच्या. त्यावर नऊ प्रश्न. झोप लागते का, भूक लागते का, जगणं नकोसं होतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि बेरीज जितकी मोठी तितका माणूस खोलात. पहिल्या गुरुवारी आईची बेरीज अठरा होती. आज चार. पाचाच्या खाली आली की फाइल बंद.

"काकू, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ना? सुरुवातीच्या आठवड्यांत आकडा उतरायला लागला की माणूस बहुतेक बरा होतोच."

आईला न आठवायला काय झालं? त्या दिवशी घरी येऊन तिने ते तीनदा सांगितलं होतं. वर म्हणाली होती, पोरगी किती जीव तोडून बोलते, तिला तोंडघशी पाडायचं नाही.

शेजारच्या खुर्चीत मुलगी बसली होती, मांडीवर दप्तर घेऊन. घरात तिला रेडिओ म्हणत, कारण ती झोपेतही बडबडायची. पण आज येताना आईने बजावलं होतं की ताईंनी विचारलं तर 'बरी आहे' एवढंच सांगायचं, बाकी रेडिओ बंद. शेवटच्या दिवशी घरच्या माणसाला बोलवायची इथली पद्धत होती, आणि आईच्या घरचं माणूस म्हणजे ही एवढीच.

आई कपडे शिवायची, तरी आज लेकीचा गणवेश चुरगळलेला होता. सकाळी लेकीने स्वतःच तो इस्त्रीला घेतला होता. मशीनशेजारची, झाकणाला भोकं पाडलेली बाटली उचलून त्यावर पाणी शिंपडलं. गरम इस्त्री टेकताच जो वास वर आला, तो पाण्याचा नव्हता. तिने इस्त्री बंद केली, बाटली होती तिथे ठेवली आणि शर्ट तसाच अंगात घातला. दोन महिने ती बाटली दिवसभर आईच्या हाताशी होती.

"आता तू सांग," ताई तिच्याकडे वळल्या. "घरी कशी असते आई?"

आई कुर्त्याच्या शिवणीतून सुटलेला दोरा बोटाला गुंडाळायला लागली.

दोन शब्द तर म्हणायचे होते. म्हटले की पुढच्या गुरुवारी ना कागद, ना ताई, नुसती ती बाटली. आणि नाही म्हटले, तर आई इथून उठेल ती कायमची, आणि घरी गेल्यावर तिच्याशी बोलेल की नाही, देव जाणे. मुलीने मान खाली घातली. समोर आलेख होता. अठरा, सोळा, चौदा, बारा. दर आठवड्याला बरोब्बर दोन.

आई कापडावर खडूने रेघ मारायची तेव्हा पट्टी घ्यायची नाही. एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत, सूतभरही हलायची नाही.

मुलीने दप्तरातून कंपासपेटी काढली. पेटीतली पट्टी काढली आणि आलेखावर ठेवली. आठही ठिपके पट्टीच्या कडेला चिकटून बसले.

"ताई, माझा तर तापसुद्धा असा उतरत नाही."

ताईंनी पट्टी उचलली, पुन्हा लावून पाहिली. चेहऱ्यावरचा पहिला नंबर हळूहळू पुसला गेला. 

"मधे एखादा वर ठेवायला हवा होता," शेवटी आईच म्हणाली. मग म्हणाली, "उतरला की माणूस बरा होतो म्हणालात. म्हणून उतरवत गेले. तुम्ही किती खूश व्हायचात."

"आणि दारू?"

"कपड्यांवर पाणी शिंपडायच्या बाटलीत असते."

ताई रागावल्या नाहीत. धीरबिरही दिला नाही. खणातून एक कोरा कागद काढून आईपुढे सरकवला.

एरवी आई आधी बेरीज ठरवायची, मग नऊ प्रश्नांना गुण वाटून टाकायची. दोन मिनिटांचं काम. आज वीस मिनिटं लागली. नवव्या, जगणं नकोसं होण्याच्या प्रश्नाला तिने डाव्या हाताचा आडोसा केला, शेजारणीला उत्तर बघू न देणाऱ्या हुशार मुलीसारखा. पण तीन लिहिताना हात दोनदा वळतो, ते मुलीला आडोशाबाहेरूनही दिसलं. तिने दप्तर पोटाशी घट्ट धरलं.

बेरीज पंचवीस झाली.

ताईंनी पेन उचललं आणि ते हवेतच राहिलं. आलेख त्यांनी स्वतःच्या हाताने आखला होता. आईची सुरुवात अठराने झाली, म्हणून विसापर्यंतच. त्याच्या वर कागदच नव्हता.

आईने मान तिरकी करून त्या कागदाकडे पाहिलं, गिऱ्हाइकाने आणलेल्या कापडाकडे पाहायची तसं.

"कमी पडलंय," ती म्हणाली. "जोड द्यावा लागेल."